सल्ला गिळणाऱ्या मॅडम

मॅडम एस.टी.त चढल्या की कंडक्टरला तिकिटाच्या पैशांआधी सल्ला मिळायचा. ओळखीचा असला तर तो 'जय भीम मॅडम' म्हणायचा, मॅडम 'जय भीम' म्हणायच्या आणि लगेच त्याच्या पाठदुखीवर यायच्या. "फळीवर नीज म्हनलं होतं नं तुले? गादी सुटत नाही अन् पाठ दुखते म्हनून बोंबलून राह्यला!" मग शेजारची बाई. तिच्या मांडीवर लेकरू असेल तर त्याच्या टोपीबद्दल, पिशवीत वांगी असतील तर वांग्यांबद्दल, आणि काहीच नसेल तर तिने घरी जाऊन नवऱ्याशी कसं बोलावं याबद्दल. मॅडम राहायच्या वरवट बकालला आणि यायच्या आमच्या लोणारला. म्हणजे जिल्ह्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, मध्ये गाड्या बदलत. वाटेत किती संसार त्यांनी रांगेला लावले असतील याचा हिशोब महामंडळाकडेही नसणार.

आणि याच मॅडम आम्हाला सल्ला न द्यायला शिकवायच्या.

हे आमचं काम काय ते आधी सांगतो, कारण आमच्या घरच्यांनाही ते अजून नीट कळलेलं नाही. आमच्या वडिलांची सगळी नोकरी तहसीलमध्ये कारकून म्हणून गेली. त्यांच्या मते ज्या कामात शिक्का मारायचा नसतो ते काम नव्हेच. मी एका संस्थेत समुपदेशक आहे. माणसं येतात, झोप नाही, जिवाला चैन नाही, मरावंसं वाटतं म्हणतात. आम्ही ऐकतो, बोलतं करतो, गरज दिसली तर डॉक्टरांकडे पाठवतो. आता दिवसभर दुसऱ्यांचं ऐकणाऱ्या या समुपदेशकांच्या जिवाला काय होतं, त्यांचं कुठं चुकतं, कुठं अडतं, हे ऐकायला त्यांच्यावर एक जण लागतो. त्याला आमच्यात सुपरव्हायझर म्हणतात. बाहेर हा शब्द सांगितला की लोकांना रस्त्याच्या कामावरचा छत्रीवाला माणूस आठवतो.

सबंध जिल्ह्यात हे काम एकट्या मॅडम करत होत्या. गुडघे बोलायला लागले होते, गाड्या बदलणं झेपत नव्हतं. म्हणून आमच्यातल्या तीन जुन्यांना निवडून सुपरव्हायझर करायचं ठरलं. एक मी, एक निवृत्त मास्तर, ज्यांना सगळे गुरुजी म्हणत, आणि एक सिस्टर. आमच्यापैकी कोणीच तयार झालं नाही, तर खेड्यापाड्यांत एकट्या केंद्र सांभाळणाऱ्या नव्या पोरींना कोणी वाली उरणार नव्हता. आणि आम्ही तयार झालो की नाही, हे ठरवायचा अधिकार मॅडमचा. मला तर खात्रीच होती की मी जन्मतःच तयार आहे.

पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला दोन पेनं लावून गेलो. समोर एका नवीन मुलीला बसवलं होतं, तिची मी सुपरव्हायझर म्हणून विचारपूस करायची होती. मी पेन काढलं, घसा साफ केला आणि विचारलं, "महिन्यात किती केसेस पाहिल्या?"

मॅडम कोपऱ्यातून म्हणाल्या, "पेन खिशात घाल बापू. धान्याचं गोदाम तपासाले नाही आला तू."

माझे कान तापले. पण मॅडमचं खरं होतं. आपल्याकडे वरचा माणूस म्हणजे तपासणीच. तो येणार म्हटलं की खालचे चुका झाकून ठेवतात आणि पोहे करतात. मॅडमना नेमक्या त्या झाकलेल्या चुकाच पाहिजे असत. "जी पोरगी सगळं बरं चाललंय म्हनते नं," त्या सांगायच्या, "तिचाच घोर लागते मले."

त्यांचं एक म्हणणं ठरलेलं होतं. गाळ काढायला माणूस विहिरीत उतरला की वर एकाने दोर धरायचा असतो. "दोर धरनाऱ्यानं का आत उडी मारा लागते? तुमी तिघंही उड्या टाकून राह्यले. आता वर कोन हाय, मी काढू का तिघायले?" असं म्हणून त्या आमच्याकडे अशा बघायच्या, जणू आम्ही खरोखर ओले होऊन उभे आहोत.

दवाखान्याच्या मागची एक खोली आम्हाला वापरायला मिळाली होती. तिथं मॅडमचं राज्य. भिंतीवरचं घड्याळ त्या आल्या आल्या उतरवून कपाटात ठेवायच्या, कारण बोलणाऱ्याचं लक्ष तिकडे जातं. खुर्चीवर घालायला घरून आणलेली गोधडी असायची. आणि चहा आला की माणसांपेक्षा एक कप जास्त. ज्याच्याबद्दल बोलायचं तो माणूस खोलीत नसतो, पण त्याचा कप टेबलावर पाहिजे. म्हणजे त्याच्याविषयी बोलताना जीभ जरा सांभाळून चालते, असं त्यांचं म्हणणं. गुरुजींचा हात एकदा सवयीने त्या कपाकडे गेला, तर मॅडम ओरडल्या, "गुरुजी! पेशंटचा चहा पिता!" गुरुजींना पुढे दिवसभर चहाच गेला नाही.

पण सगळ्यांत मोठा नियम खोकल्याचा. समोरची पोरगी अडचण सांगत असते आणि आपल्याला उत्तर सुचतं. सुचलं की ते तोंडातून बाहेर पडू पाहतं. ते पडलं की संपलं. ती पोरगी मान हलवते, हो सर म्हणते, आणि स्वतःचं डोकं वापरणं तिथंच थांबवते. म्हणून मॅडमचा हुकूम होता, सल्ला गळ्याशी आला की खोकायचं. "खोकलून घ्या अन् गिळून टाका. पोटात गेला का काही करत नाही तो."

आम्ही खोकायला लागलो. सिस्टरचा खोकला बारीक आणि सभ्य होता. माझा दणदणीत, कारण माझ्याकडे सल्लेही तसेच होते. पण गुरुजी! मास्तरकीत केस पांढरे केलेला माणूस, त्यांच्या गळ्याशी सुभाषितासकट सल्ले यायचे. पोरगी दोन वाक्यं बोलली की गुरुजींना उबळ यायची. डोळ्यांतून पाणी, मान लाल, तरी बिचारे गिळत राहायचे. एकदा समोरच्या मुलीनेच उठून त्यांची पाठ चोळली.

आमच्या खोलीला लागूनच क्षयरोगवाल्यांची खोली होती. दोन दिवस त्यांनी ऐकून घेतलं. तिसऱ्या वेळी दार वाजलं, आणि तिथला भाऊ तोंडाला मास्क लावून आत आला. हातात थुंकी तपासायच्या प्लास्टिकच्या डब्या. अतिशय गंभीर चेहऱ्याने त्याने आमच्या हातात एकेक डबी दिली. "सकाळी उठल्या उठल्या, चूळ न भरता," असं समजावून सांगितलं आणि घरात आणखी कोणी खोकतं का ते विचारलं. गुरुजींनी भिडेपोटी डबी घेतली आणि 'आभारी आहे' म्हणाले. सिस्टर टेबलाखाली तोंड घालून हसत होत्या.

मॅडमनी त्याला सगळं समजावून सांगावं की नाही? छे. त्यांनी त्याला बसवलं, चहा पाजला, आणि तो मास्क उलटा घालून फिरतोय यावरून त्याला झाडलं. जाताना त्याच्या पोरीला गणिताची शिकवणी कोणाकडे लावावी हेही ठरवून दिलं. तो गेल्यावर मी म्हणालो, "मॅडम, तुम्ही नाही खोकल्या?"

"तो माह्या केंद्रातला हाय का?" मॅडम म्हणाल्या. "खोलीतलं वेगळं, बाहेरचं वेगळं."

ही त्यांची वाटणी होती. नियम शिकवून झाले की खोलीत त्या आम्हाला दिवसभर एकही उपदेश करत नसत. चूक समोर घडताना बघत, ओठ घट्ट मिटून बसत. आणि दाराबाहेर पाऊल पडलं की सुटत. केळीवाल्याला केळी कशी टांगावी, माझ्या बायकोने मेथी कधी निवडावी, सरोवर पाहायला आलेल्या पाहुण्यांनी कुठल्या चपला घालाव्या. मी हे खपवून घ्यायचो, पण मनात चिडायचोही. आम्हाला गिळायला लावता आणि स्वतः मात्र गावभर वाटत फिरता, असं वाटायचं.

परीक्षेचा दिवस आला. परीक्षा म्हणजे कागद नाही. खऱ्या अडचणीतल्या एका समुपदेशक मुलीबरोबर आपण बसायचं आणि मॅडमनी कोपऱ्यात बसून बघायचं. कोपऱ्यातला माणूस भिंत, असा नियम होता. भिंत बोलत नाही, हसत नाही, मान हलवत नाही. गुरुजींची परीक्षा आदल्या दिवशी झाली होती आणि एका सुभाषितावरून त्यांना पुन्हा बसायला सांगितलं होतं. सिस्टरच्या वाट्याची मुलगी आजारी पडल्याने त्यांचंही राहिलं होतं. आता उरलो मी.

माझ्यासमोर येणार होती दुसरबीडच्या केंद्रातली वैशाली. वर्षाच्या आतली समुपदेशक, हुशार पोरगी, गावातल्या बाया तिच्याकडे विश्वासाने येत. सकाळीच तिचा फोन आला होता. म्हणाली, "सर, मी येतो, पन शेवटचंच. मी नोकरी सोडून राह्यली." दुसरबीडचं केंद्र मोठ्या मुश्किलीने उभं राहिलं होतं. ती गेली तर तिथं दुसरं कोणी यायला तयार नव्हतं. म्हणजे आज मला नुसती परीक्षा द्यायची नव्हती, एक चांगली पोरगी हातची जाऊ द्यायची नव्हती. मी मनात सात-आठ जोरदार वाक्यं तयार करून ठेवली होती. खोकल्याची गोळीही खिशात होती.

वैशाली आत आली. मला नमस्कार केला. बसता बसता तिची नजर कोपऱ्यात गेली, आणि ती अर्धी उठूनच राहिली.

"अवं माय! मावशी, तुमी इथं कशा?"

मॅडम भिंत होत्या. भिंतीने डोळे मिटून घेतले.

"ओळखतेस तू यांना?" मी विचारलं.

"नाही सर, काल मेहकरच्या गाडीत शेजारी बसल्या होत्या. याच मावशीनं सांगतलं मले. जीव रमत नसन तं सोडून दे म्हने नोकरी, कायले कुढत बसतं! मंग मी घरी जाऊन ठरवूनच टाकलं."

खरं सांगतो, मला मनातल्या मनात उकळ्या फुटल्या. इतके महिने मला पेन खिशात घालायला लावणाऱ्या, खोकायला लावणाऱ्या मॅडम, आणि त्यांच्याच एका सल्ल्याने त्यांच्याच एका केंद्राला कुलूप लागायची पाळी! गुडघ्यांमुळे त्यांची दुसरबीडला फेरी अजून झालीच नव्हती, त्यामुळे हिचं नाव त्यांना माहीत, पण चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, आता म्हणावं, 'बघ वैशाली, ज्यांनी तुला हे सांगितलं त्या कोण आहेत माहीत आहे का?' एका वाक्यात मी जिंकलो असतो आणि मॅडम हरल्या असत्या.

पण वैशालीकडे पाहिलं. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. तिला आमच्या हारजितीशी काही घेणंदेणं नव्हतं. तिला कोणीतरी सांगितलं होतं म्हणून ती जात होती, आणि आता मी सांगितलं म्हणून ती राहिली असती. दोन्हीत ती कुठंच नव्हती. माझी सात-आठ वाक्यं मी एकेक करून गिळली.

मग मी विचारलं, "या मावशींना तू काय काय सांगितलं होतंस?"

"हेच, का काम जमून नाही राह्यलं म्हनून."

"एवढंच?"

"हाव."

"आणि काय नव्हतं सांगितलं?"

बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती काही सुरू होत नव्हती. मी ऐकत बसलो. कोपऱ्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी एकदा बघितलंच. मॅडमचे डोळे मिटलेलेच होते, पण हात गोधडीची शिवण चाचपत होता.

"सर, मी हसली," वैशाली एकदम म्हणाली.

आणि मग सगळं बाहेर आलं. तिच्याकडे एक आजी यायच्या. आजींबद्दल जास्त सांगत नाही, सांगायचं नसतं. नवरा गेल्यापासून त्यांनी बोलणं टाकलं होतं. येऊन बसायच्या, जमिनीकडे बघायच्या, जायच्या. एक दिवस अचानक बोलायला लागल्या. नवऱ्याची तेरवी झाली, त्याच्या फोटोला झेंडूचा मोठा हार घातला, सगळे जेवायला बसले, आणि दारातली शेळी आत येऊन तो हार खाऊन गेली. "हयातभर तिले चारलं मानसानं," आजी म्हणाल्या, "मेल्यावरही सोडलं नाही तिनं." आणि वैशालीला हसू फुटलं. आवरेचना. ओढणी तोंडात कोंबली तरी आवरेना. त्यानंतर आजी आल्याच नाहीत.

"एका विधवा बाईच्या दुःखाले हसली मी," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "माह्या तोंडून कोनाचं काय भलं होईन सर? असं मानूस नाही पाहिजे या कामात."

'होतं असं कधी कधी', हे वाक्य माझ्या दातांपर्यंत आलं होतं. ते चांगलं वाक्य आहे, खोटंही नाही. पण ते बोललो असतो तर ती डोळे पुसून 'हो सर' म्हणाली असती आणि उठली असती.

"तू हसलीस तेव्हा आजी काय करत होत्या?" मी विचारलं.

तिने नाक पुसलं. वर बघितलं. तिला तो दिवस नव्याने आठवत असल्यासारखं वाटलं.

"त्या..." ती थांबली. "त्याबी हसत होत्या. पदर लावला होता तोंडाले. खांदे हालून राह्यले होते त्यायचे." पुन्हा थांबली. "सर, आधी त्याच हसल्या. मंग मी."

ती रडत होती आणि मध्येच तिला ती शेळी आठवून पुन्हा हसू येत होतं. जरा वेळाने स्वतःच म्हणाली, "आजी काऊन नाही आल्या ते मी इचारलंच नाही कोनाले. घाबरली मी. उद्या गावातल्या आशाताईले घेऊन घरी जाऊन पाह्यतो." नोकरी सोडण्याचं ती बोलली नाही, मीही विचारलं नाही. दारातून वळून तिने कोपऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "येतो मावशी." पुढे कळलं ते एवढंच, की आजी लेकीकडे कापूस वेचायला गेल्या होत्या, आणि परत आल्या त्या शेळीच्या आणखी दोन गोष्टी घेऊन.

वैशाली गेल्यावर मी मॅडमकडे वळलो. आता निकाल लागणार होता. मॅडम बऱ्याच वेळाने उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश आल्या, आणि माझ्यासमोर, वैशाली उठून गेली त्याच खुर्चीवर बसल्या. गोधडी न घालता.

"दार लोट," त्या म्हणाल्या.

मी दार लोटलं.

"त्या पोरीले मी नाव नाही इचारलं. कुठं काम करतं ते नाही इचारलं. ती बोलून राह्यली होती अन् माह्या तोंडी उत्तर तयारच होतं. मेहकर सुटलं नाही तं देऊनबी टाकलं."

"अहो मॅडम, बसमध्ये तर कोणीही..." मी सुरू केलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून थांबलो. त्यांना समजूत नको होती. मी खुर्ची जरा पुढे घेतली. "बसमध्ये बसलं की काय होतं तुम्हाला?"

हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता, हे दिसलं.

"खोलीत जे गिळतो नं बापू, ते जिरत नाही," त्या म्हणाल्या. "तुमाले सांगतलं पोटात काही करत नाही म्हनून. करते. घरी गेली का चार भिंती. पोरगा पुन्याहून फोन करते, जेवली का म्हनते, ठेवून देते. मंग बसमधी कोनी शेजारी बसलं का सगळं त्याच्या आंगावर." त्यांचा आवाज बारीक झाला. "तुमी सगळे येता माह्यापाशी. मी कोनापाशी जाऊ? माह्यावर कोनीच नाही नं जिल्ह्यात."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही. इतके महिने मी या बाईवर चिडत होतो, त्यांच्या नकला करून घरी सगळ्यांना हसवत होतो, आणि ती माणसांनी भरलेल्या गाडीत बसून कोणी आपलं ऐकेल का म्हणून बोलत सुटत होती. मला फार वाईट वाटलं. पण मी तसं म्हटलं नाही. म्हणालो, "सांगा."

त्या सांगत राहिल्या. बसमधलं झालं, मग नवरा गेल्यानंतरचं झालं, मग एका जुन्या पेशंटचं, जे त्यांनी आजवर कोणाजवळ काढलं नव्हतं. मध्ये त्या हसल्या, मध्ये रडल्या. मी फार थोडं विचारलं. बोलून झाल्यावर त्यांनी पदराने तोंड पुसलं, पिशवी उचलली, आणि दारापर्यंत गेल्या. निकालाचं त्या विसरल्या असं मला वाटलं, आणि आता तो विचारावा कसा हेही कळेना.

कडीला हात घालून त्या वळल्या.

"मंग सर," मॅडम म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात मी कधी येऊ तुमच्यापाशी?"